चष्मा धरणारा हात

मास्तरांनी चष्मा काढला आणि उजवीकडे दिला.

एवढंच झालं. त्या दुपारी पक्षाच्या सभागृहात काय झालं ते दुसऱ्या कुणालाही विचारा, तो सांगेल की मास्तरांनी रंगाचा कारखाना परत सुरू करायचं जाहीर केलं, हात वर झाले, टाळ्या झाल्या, चहा झाला. डबीला विचाराल तर त्याला आधी चष्मा आठवेल, मग कारखाना. डबी म्हणजे नगरसेवक, पन्नाशी ओलांडलेला, कानाजवळ पांढरा झालेला माणूस. पण पक्षात पाठीमागं सगळे त्याला डबीच म्हणायचे, चष्म्याची डबी, आणि त्याला ते माहीत होतं, आणि खोटं कशाला बोला, आतून आवडायचंही. मास्तर भाषणाला उभे राहिले की पहिल्या शब्दाच्या आधी चष्मा काढायचे आणि न बघता डावा हात बाजूला करायचे. डावीकडच्या खुर्चीत हा. मास्तर उभे, हा बसलेला, म्हणून याला हात चांगला डोक्याच्या वर न्यावा लागायचा, तळवा उघडा ठेवून, आणि त्या तळव्यात चष्मा यायचा. काड्या कोमट असायच्या. मास्तरांच्या कानामागची ऊब. ती ऊब जाईपर्यंत हा तो मिटायचा नाही. बाकी कुणाला हे सांगितलं असतं तर हसले असते, म्हणून त्यानं कधी सांगितलं नव्हतं.

तर त्याचा हात सवयीनं वर गेला. आणि मास्तरांचा हात उजवीकडे गेला. उजवीकडे वकीलीणबाई बसली होती, परवापरवापर्यंत समोरच्या पक्षात मास्तरांना शिव्या देणारी. तिनं चष्मा घेतला, दोन बोटांत, चिमटीत धरावा तसा, आणि अंगठा थेट काचेवर. डबीला तो अंगठा दिसला आणि जिना संपलाय असं समजून पाय टाकावा आणि अजून एक पायरी निघावी तसं झालं. हात वरच राहिला. खाली घ्यायचा असतो हेच सुचलं नाही. "मित्रांनो," मास्तर म्हणाले, "रंगाचा कारखाना परत सुरू होतोय. उद्या पालिकेत ठराव येतोय." आणि मध्ये श्वासही न घेता डावीकडे तोंड करून, "आणि बघा. मी विचारायच्या आधीच पहिला हात वर झालाय. कुणाचा ते बघा. ज्याच्या घरातलं माणूस त्या कारखान्यानं आजारी पाडलं, त्याचा." सगळ्या माना डबीकडे वळल्या. मग एक हात वर आला, मग दोन, मग ओळच्या ओळ. "तिकडं दाराजवळ, बेकरीवाले, तुमचाही. घ्या खाली, दुखेल, उद्या पाव कोण भाजणार." लोक हसले. टाळ्या सुरू झाल्या, आणि वर अडकलेल्या हाताला काहीतरी काम पाहिजेच होतं, म्हणून डबीनं सगळ्यांपेक्षा जोरात टाळ्या वाजवल्या. तळवे लाल होईपर्यंत. टाळ्या वाजवतानाही तो तिरक्या नजरेनं बघत होता तो वकीलीणबाईच्या मांडीवर. अंगठा अजून काचेवरच होता.

घरी तो चालत निघाला. गाडी आहे, ड्रायव्हर आहे, पण ड्रायव्हरनं दार उघडताना "अभिनंदन साहेब" म्हटलं आणि डबीला ते आवडलं नाही. कशाचं अभिनंदन. याला कुणी सांगितलं. इतक्यात कसं कळलं. की आधीपासूनच माहीत होतं सगळ्यांना, ड्रायव्हरला, चहावाल्याला, दारावरच्या पहारेकऱ्याला, आणि माहीत नव्हतं ते एकट्या यालाच? आता एकेक गोष्ट आठवायला लागली. आठवडाभर चहा याच्याकडे दुसऱ्यांदा येत होता, पहिला कप वकीलीणबाईकडे. परवा मास्तरांनी जिन्यात खांद्यावर हात ठेवला होता आणि जरा जास्तच वेळ ठेवला होता. आणि विचारलं होतं, "ताई कशा आहेत? खोकला?" मास्तर ताईची चौकशी करतात, वर्षातून एकदा करतात, पण परवाच का केली? आणि आज खुर्ची नेहमीपेक्षा पुढं होती का? डावी खुर्ची. पुढं असेल तरच हात सगळ्या सभागृहाला दिसणार. त्यानं आठवायचा प्रयत्न केला. फरशीवरची रेघ, खुर्चीचा पाय, आपला बूट. आठवेना. फुटपाथवर एक बाई कुत्र्याला घेऊन थांबली होती, ती त्याच्याकडे बघून हसली, आणि तो मनात म्हणाला, हिलाही माहीत आहे.

आणि सगळ्यात वाईट एक गोष्ट होती, तिच्यापाशी आलं की तो पायांचा वेग वाढवायचा, जसं काही चालून ती मागं पडणार होती. मास्तरांना चष्म्याशिवाय दिसत नाही. हे सगळ्या पक्षाला माहीत होतं, पण का काढतात ते फक्त याला माहीत होतं. फार जुनी गोष्ट. एका सभेनंतर मास्तर म्हणाले होते, हळू, दोघंच असताना, "तुला म्हणून सांगतो. चेहरे दिसले की मी घाबरतो रे. चष्मा काढला की नुसते रंग दिसतात, मग बोलता येतं." एवढा मोठा माणूस, आणि घाबरतो, आणि सांगितलं कुणाला, तर याला. ते वाक्य त्यानं इतकी वर्षं जपलं होतं, बायकोलाही सांगितलं नव्हतं, आणि ती गेली तेव्हा पहिल्यांदा वाटलं की सांगायला पाहिजे होतं. आता ठीक आहे, शेजारी बसलेल्याचा हात आंधळ्यालाही कळेल. पण बेकरीवाला? बेकरीवाला शेवटच्या ओळीत होता. दाराजवळ. खांबाच्या अर्धा मागं. नुसते रंग दिसणाऱ्याला खांबाआडचा बेकरीवाला दिसतो कसा? अंदाज असेल, तो म्हणाला स्वतःला. बेकरीवाला नेहमी तिथंच बसतो. मग लगेच: नाही बसत. नेहमी पुढं बसतो. आज उशिरा आला होता म्हणून मागं बसला.

कालव्याच्या पुलावर तो थांबला. पाणी आता पाण्याच्या रंगाचं होतं. तो लहान असताना सकाळी उठून पोरं पैज लावायची, आज कालवा कुठल्या रंगाचा. ताई कारखान्यात हिरव्याच्या खात्यात होती. तिथल्या बायका नखांवरून ओळखू यायच्या, निळ्यावाल्या, लालवाल्या, आणि बसमध्ये एका रंगाच्या बायका एकमेकींसाठी जागा धरायच्या. ताईच्या उशीचा अभ्रा हिरवा व्हायचा तोंडाजवळ. आई तो धुवायची आणि काही बोलायची नाही. मग मास्तर आले, तेव्हा ते टायपिंगच्या क्लासमध्ये शिकवायचे, म्हणून मास्तर, आणि कारखान्याच्या फाटकासमोर खोक्यावर उभे राहिले. हा पुढंच होता, मिशी फुटलेली, डोकं तापलेलं. पोलिसांची गाडी वळणावर दिसली तेव्हा मास्तरांनी चष्मा काढला आणि समोर जो होता त्याच्या हातात कोंबला. "सांभाळ. हा फुटला तर मी आंधळा." समोर जो होता तो हा होता. शर्टच्या आत, उघड्या पोटाला लावून तो चष्मा घेऊन पळाला आणि नाल्यात पालथा पडून राहिला, लाल पाण्यात, आणि मागून मारण्याचे आवाज येत होते आणि त्याला फक्त एवढंच कळत होतं की काच अजून पोटाला गुळगुळीत लागतेय, म्हणजे फुटलेली नाही. मास्तरांचा हात मोडला त्या दिवशी. दवाखान्यात यानं चष्मा दिला तेव्हा मास्तरांनी तो डाव्या हातानं घेतला, उजवा प्लास्टरमध्ये, आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "हा माझा डोळा आहे." कारखाना बंद झाला. ताईचा खोकला बंद झाला नाही. पण कारखाना बंद झाला, आणि तो आपल्या पोटाला लागलेल्या काचेमुळं बंद झाला असं याला कुठंतरी खरंच वाटायचं. पुलाच्या कठड्यावर हात ठेवून आता पहिल्यांदा त्याच्या मनात आलं की समोर दुसरा कुणी असता तर चष्मा त्याच्या हातात गेला असता. हा विचार त्यानं कठड्यावरच सोडला आणि पुढं निघाला.

ताई खिडकीशी बसली होती, डोक्यावर टॉवेल, समोर गरम पाण्याचं पातेलं, वाफ घेत. टॉवेलच्या आतूनच म्हणाली, "आला का पहिला हात घरी?"

"कुणी सांगितलं?"

"खालच्या शिंपिणीनं. शिलाई मशीन थांबवून वर आली सांगायला. दोन जिने चढली बाई, कधी माझं औषध आणायला चढली नाही." टॉवेल बाजूला झाला. चेहरा लाल, ओला. नखं अजूनही मुळाशी हिरवट, की त्यालाच तशी दिसायची. "काय ऐकतेय मी, बारक्या?"

"ताई, राजकारणात कधीकधी—"

"कधीकधी म्हणू नकोस. मला खोकला येतो."

आणि तिला खरंच आला. तो उभा राहिला. पाणी द्यायचं, पाठीवर हात फिरवायचा नाही, तिला आवडत नाही. खोकला संपला की ती नेहमी घड्याळाकडे बघते, जशी काही कारखान्याच्या पाळीवरून सुटली. आजही बघितलं.

"नवीन यंत्रं येणार आहेत," तो म्हणाला. "आता तसलं काही नसतं. धूर नाही, पाणी गाळून सोडणार. लोकांना कामं नकोत का?"

"हे तू बोलतोयस की ते?"

"दोघंही."

"मला तुझ्यापुरतं सांग. हात तूच वर केलास ना? कुणी धरून नाही ना केला?"

इथं ते सांगता आलं असतं. शब्द जिभेवर आलाच होता, चष्म्यासाठी. ताई, मी चष्म्यासाठी हात वर केला होता. मग त्यानं ते वाक्य स्वतःच्या कानांनी ऐकलं. पन्नाशीचा माणूस, चारचौघांत ऊठबस, आणि सभागृहात खुंटीसारखा हात वर करून बसलेला, आणि खुंटीवर कुणी काही टांगलंच नाही. विकला गेला म्हटलं तर निदान त्यात थोडी शान आहे, कुणाला तरी तू हवा होतास. पण खुंटी? आणि एकदा ते सांगितलं की ताई पुढचं विचारणार, ती सोडणार नाही, ती विचारणार, मग इतकी वर्षं काय करत होतास रे तिथं.

"मीच केला," तो म्हणाला. "विचार करून केला."

"बरं," ताई म्हणाली. तिनं टॉवेलची घडी केली, मग ती मोडून परत केली. "मला वाटलं चुकून गेला असेल. शिंपीण म्हणाली, बघणारे सांगत होते, कसा तरीच दिसत होता तुझा चेहरा. मी म्हटलं, हा वेंधळा आहे लहानपणापासून, माशी मारायला गेला असेल." तिला हसायचं होतं, झालं नाही. "चुकून गेला असता तर बरं झालं असतं."

अजूनही सांगता आलं असतं. तो खिडकीबाहेर बघत राहिला. समोरच्या गच्चीवर कुणीतरी चादरी वाळत घातल्या होत्या, पांढऱ्या, आणि त्याला त्या पांढऱ्या आहेत याचाही राग आला.

"उद्या पालिकेत मोजतील ना हात?" ताईनं विचारलं.

"हो."

"उद्याही विचार करून करणार?" ती पातेलं उचलून मोरीकडे निघाली आणि मध्येच थांबली. "त्यांचा नंबर किती रे?"

"कसला?"

"चष्म्याचा. एवढी वर्षं धरतोस, माहीत असेल की."

त्याला माहीत नव्हता.

"कधी डोळ्याला लावून बघितलास?"

"दुसऱ्याचा चष्मा लावला की डोळे बिघडतात, ताई."

"कुणाचे?" ती म्हणाली आणि पाणी ओतलं.

सकाळी त्यानं ठरवलं होतं. दाढी करताना ठरवलं, बूट घालताना परत ठरवलं. हात वर करायचा नाही. काही बोलायचं नाही, भाषण नाही, फक्त हात मांडीवर ठेवायचे. एवढं कुणालाही जमतं. पालिकेच्या लांब व्हरांड्यात बेकरीवाला त्याची वाट बघत उभा होता, शर्टच्या बाहीला अजून पीठ. हाही नगरसेवक, जुना माणूस, फाटकापासूनचा, मार खाल्लेला. त्यानं डबीला कोपऱ्यात ओढलं. "एक विचारू? रागावू नकोस. काल मी करणार नव्हतो. दारापाशी बसलो ते एवढ्याचसाठी, उठून जाता यावं म्हणून. पण तुझा हात दिसला. म्हटलं, याच्या घरात रोज खोकला ऐकू येतो, यालाच चालतंय तर मी कोण. मागच्या सगळ्यांनी तेच केलं. तुझं बघून केलं." तो डबीच्या तोंडाकडे बघत होता, भट्टीत डोकावून पाव बघावा तसा. "आजही तुझंच बघणार आहोत. तू काय करणार तेवढं सांगून ठेव." डबीला वाटलं हा टोमणा आहे. मग वाटलं, हा मास्तरांनी पाठवलेला आहे, मी काय करणार ते काढून घ्यायला. मग वाटलं, नाही, याला कोण पाठवणार, हा खरंच विचारतोय, आणि ते जास्त अवघड होतं. "बघू," तो म्हणाला.

तेवढ्यात मास्तर आले. सोबत वकीलीणबाई, दोन-चार लोक, बुटांचे आवाज. मास्तर सगळ्यांना ओलांडून सरळ त्याच्यापाशी आले. चष्मा काढला. आणि डावा हात पुढं केला. "काल बाईंकडे दिला," ते म्हणाले, आणि बाई हसली, जसं काही तिच्याशी आधीच बोलून झालं होतं, "बोटं उमटवून ठेवली सगळीकडे. दिवसभर धुक्यात फिरलो. काच तुलाच कळते. पुसून आण, मग आत ये." मग हळू, फक्त याला, "कालचं मनावर घेतलंस काय रे, वेड्या?" आणि चष्मा याच्या तळव्यात होता. कोमट. डोळ्यांत पाणी आलं, त्याला स्वतःची किळस आली, पण पाणी आलं ते आलं. मास्तर चष्म्याशिवाय पुढं निघाले, व्हरांड्यात कुणीतरी बादली ठेवली होती, आणि मास्तरांचा पाय बादलीला लागला. बघ, डबी मनात म्हणाला. लागला. दिसत नाही त्यांना. मग त्याच्याच आतून दुसरा कुणी म्हणाला, तू बघतोयस हे माहीत होतं त्यांना.

तो बाथरूममध्ये गेला. कुणी नव्हतं. नळ थेंब थेंब गळत होता. खिशातून फडकं काढलं, मऊ, ताईच्या जुन्या साडीचं, तिला न विचारता फाडलेलं. काचेवर वाफ सोडली, गोल गोल पुसलं, आधी उजवी, मग डावी. खिडकीला उभे गज होते आणि मागं उजेड. चष्मा नुसता उजेडात धरला असता तरी कळलं असतं. नंबराची काच असेल तर गज आत ओढल्यासारखा दिसतो, बारीक होतो, जागेवरून सरकतो. साधी काच असेल तर गज तिथंच राहतो. डोळ्याला लावायचीसुद्धा गरज नाही. एक नजर. तो चष्मा धरून उभा राहिला. गज सरकला तर सगळं खरं, चेहरे, भीती, नाला, हा माझा डोळा आहे. मग बेकरीवाला अंदाजानं. आणि नाही सरकला तर? तर कालचं कुणी ठरवून केलं, आणि कालचंच नाही, आणि मग हात मांडीवर ठेवावेच लागतील, दुसरा मार्गच राहणार नाही, आणि मग व्हरांड्यातून एकट्यानं घरी जायचं, आणि मग उद्या सकाळी उठून काय करायचं? कुठं जायचं? चष्म्याशिवाय त्याला कुणी ओळखतही नव्हतं. त्याचं नावसुद्धा डबी होतं. आणि डबीला चष्मा काढून घेतला तर राहतं काय. चष्मा वर उचलता उचलता त्यानं मान फिरवली, दाराकडे. आणि दाराकडे बघतच काच पुसून पूर्ण केली. न बघता. बोटांना सवय होती.

आत सगळे बसले होते. मास्तर बोलले, थोडंच. ठराव वाचला गेला. डबी डाव्या खुर्चीत, चष्मा दोन्ही हातांत, मांडीवर. आता त्याच्या लक्षात आलं की हात रिकामे नाहीत. ही केवढी मोठी सोय होती. हात रिकामे नसतील तर माणूस वर काय करणार, मास्तरांचाच चष्मा आहे, पडला असता म्हणता येईल. पुढच्या ओळीत बेकरीवाला वळून त्याच्याकडे बघत होता, तोंड थोडं उघडं. "अनुकूल असणाऱ्यांनी हात वर करावेत," अध्यक्ष म्हणाले. कुणी केले नाहीत. सगळं सभागृह जणू कुणाच्या तरी शिंकेची वाट बघत होतं. मास्तर वळले आणि त्यांनी डबीकडे बघितलं. उघड्या डोळ्यांनी. सरळ, डोळ्यात डोळा घालून, ज्याला नीट दिसतं तोच बघतो तसं, आणि किंचित हसले. आणि डबीला कळलं. गजाची गरज नव्हती. कळलं, आणि गंमत अशी की काहीच कोसळलं नाही. मास्तर लपवत नव्हते. ते त्याला दाखवत होते. तुला म्हणून सांगतो, असंच ते हसू होतं, दोघांमधलं, जुनं, नाल्यापासूनचं, बाकी कुणाला कधी न मिळालेलं.

त्यानं चष्मा डाव्या हातात घेतला. काड्या आधी मिटल्या, मग फडकं मध्ये घातलं, काचेला बोट लागू नये म्हणून. आणि उजवा हात वर केला.

बेकरीवाल्यानं मान वळवली. त्याचा हात वर गेला, पीठ लागलेल्या बाहीसकट, मग त्याच्या मागचे. अध्यक्षांचा माणूस ओळीओळीतून बोटानं मोजत आला, गेला. कुणीतरी बाक वाजवला. खुर्च्या सरकल्या, लोक उठले, वकीलीणबाई कुणाशी तरी हात मिळवत होती. मास्तरांनी न बघता डावा हात बाजूला केला. डबीनं डाव्या हातानं त्यात चष्मा ठेवला. मास्तरांनी तो घातला, नाकावर नीट बसवला आणि वळून बघितलं.

"मोजून झालं रे," ते म्हणाले. "घे आता खाली."